वाघ एका दालनात, वाघदेव दुसऱ्या!

संग्रहालय ही निरुपद्रवी वास्तू आहे, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. शाळेची सहल तेथे जाते, मुले काचेला नाक लावून पेंढा भरलेला बिबट्या पाहतात, जुनी नाणी पाहतात, बाहेर येऊन डबा खातात आणि घरी परततात. यात कोणाचे काय बिघडले? काचेआडच्या वस्तू मुक्या असतात, हे खरेच आहे. परंतु त्यांची मांडणी मुकी नसते. कोणती वस्तू कोणत्या दालनात ठेवावयाची, तिच्या शेजारी कशाला जागा द्यावयाची आणि खालच्या पाटीवर कोणता शब्द लिहावयाचा, हे ठरविणारा माणूस एका समाजाविषयी निकाल देत असतो. असा एक निकाल या देशातील वनवासी समाजाविषयी इंग्रज राजवटीने दिला. राजवट गेली, युनियन जॅक उतरला; निकाल मात्र कायम आहे. त्यावर अपील करण्याचे आम्हांला अद्याप सुचलेले नाही.

काही महिन्यांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीतील एका तालुक्याच्या गावी जाण्याचा योग आला. तेथे एक लहानसे संग्रहालय आहे. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण दोष त्या एका वास्तूचा नाही. आपल्याकडील अनेक लहान संग्रहालयांचा साचा हाच आहे. तीन दालने. पहिले निसर्गाचे : पेंढा भरलेला वाघ, भेकर, साळिंदर, घुबड, फुलपाखरांच्या पेट्या आणि रसायनात बुडविलेले साप. दुसरे दालन ‘आदिवासी जीवना’चे : कुडाची झोपडी, कमरेला लंगोटी गुंडाळलेला मातीचा पुरुष, पाट्यावर वाटण वाटणारी मातीची स्त्री, तारपा, मासे पकडण्याची साधने आणि एका कोपऱ्यात लाकडात कोरलेला वाघदेव, त्याच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य. तिसरे दालन ‘इतिहास व कला’ या नावाचे : भग्न मूर्ती, वीरगळ, तलवारी, तांब्याची भांडी.

पहिल्या दालनातून दुसऱ्यात जाताना मध्ये दार नव्हते, फक्त एक कमान होती. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्यासाठी मात्र बाहेर पडून ओटी ओलांडावी लागत होती. बांधणाऱ्याच्या मनात काही असेल वा नसेल. पण अर्थ एवढा उघड होता की तो वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. साळिंदर आणि वनवासी एका सलग ओळीत. आणि ‘इतिहास’ पलीकडे, वेगळ्या छपराखाली.

त्या दिवशी एका आश्रमशाळेची सहल तेथे आली होती. वाघदेवासमोर एक मुलगा थबकला आणि आनंदाने ओरडला, “सर, हा तर आमच्या शिवेवरचा वाघदेव!” सर कामात होते. ते म्हणाले, “अरे, पाटी वाच ना, खाली काय लिहिलंय ते.” मुलाने अक्षरे लावीत मोठ्याने वाचले : ‘आदिम जमातींचे भयमूलक प्राणिपूजन’. त्याचा आवाज शेवटच्या शब्दापर्यंत येता येता खाली गेला. ज्या देवापुढे त्याची आजी नारळ फोडते, तो देव नसून एका अडाणी भीतीचे अवशेष आहेत, असे सरकारी अक्षरांत त्याला सांगण्यात आले. सरांनी मुलांना पुढे हाकलले. प्रसंग एवढाच, पण या देशात दीडशे वर्षे जे चालत आले आहे, त्याचे सार त्यात होते.

‘नमुना’ झालेली माणसे

ही मांडणी आकाशातून पडलेली नाही. तिचा जन्म आपल्याच प्रांतात कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १८५४ साली भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले. १८६१ साली ‘मध्य प्रांत’ निर्माण झाला आणि सर रिचर्ड टेंपल या चीफ कमिशनरच्या कारकिर्दीत १८६३ साली नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले. नागपूरकर आजही त्याला कौतुकाने ‘अजब बंगला’ म्हणतात. देशातील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते आणि जीवाश्मांपासून शिलालेखांपर्यंत त्याने जे जतन केले आहे, त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु एकाच छपराखाली पशुपक्षी, खनिजे, शस्त्रे, मूर्ती आणि वनवासी जीवन हे सारे आणण्याची कल्पना मुळात प्रांताची ‘संपत्ती’ मोजण्याची होती. नव्याने हाती आलेल्या मालमत्तेची ती नोंदवही होती. सागवान किती, कोळसा किती, मँगनीज किती आणि गोंड किती!

त्याच काळात नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचा एक स्कॉटिश मिशनरी काम करीत होता. १८४५ साली तो येथे आला. माणूस अभ्यासू होता; नागपूर परिसरातील जीवाश्मांचा त्याने केलेला अभ्यास भूविज्ञानात आजही मानला जातो. गोंडांच्या लिंगो देवाची कथा त्याने एका परधान गायकाकडून उतरवून घेतली, हेही त्याचे ऋण. १८६३ साली तो पुरात बुडून मृत्यू पावला आणि त्याचे वनवासी समाजाविषयीचे कागद टेंपलने १८६६ साली प्रसिद्ध केले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, ज्या हाताने दगडातील शिंपले गोळा केले, त्याच हाताने लिंगोची गाथा गोळा केली आणि त्याच हाताने बायबलही पुढे केले. दगड, गाथा आणि आत्मा, तिन्ही गोळा करावयाच्या वस्तू! ज्याचे वर्गीकरण करावयाचे, त्याच्याशी संवाद करावयाचा नसतो.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर पुढचे पाऊल पाहा. १८६६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे डॉ. जोसेफ फेरर यांनी एक योजना मांडली : आशियातील निरनिराळ्या वंशांची जिवंत माणसे एकत्र आणून त्यांचे प्रदर्शन भरवावे आणि विद्वानांनी त्यांचा अभ्यास करावा. कलकत्त्यात ती योजना तडीस गेली नाही. पण आमच्या मध्य प्रांताने तिला प्रतिसाद दिला. १८६६-६७ च्या जबलपूर प्रदर्शनात वनवासी माणसे आणून उभी करण्यात आली. त्यांच्या तपासणीसाठी एक समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १८६८ साली नागपुरात छापला गेला. त्या अहवालाच्या शीर्षकातच प्रदर्शनात आणलेल्या वनवासी माणसांसाठी ‘नमुने’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. धान्याचा नमुना, लाकडाचा नमुना, कापसाचा नमुना, तसा गोंडाचा नमुना!

आता जबलपूरची आणखी एक तारीख स्मरणात आणावी. १८ सप्टेंबर १८५७. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील, म्हणजे राणी दुर्गावतीच्या वंशपरंपरेतील राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना याच जबलपुरात इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. गुन्हा काय? सैन्यातील शिपायांशी संधान बांधून उठावाची सिद्धता केली, हा. आणि पुरावा म्हणून घरातून काय मिळाले? देवीची प्रार्थना. शत्रूचा संहार कर, असे मागणे देवीला घालणारे काव्य! तोफेची राख थंड होऊन पुरी दहा वर्षे झाली नव्हती, तोच त्याच नगरात त्याच राजाच्या समाजबांधवांना ‘नमुने’ म्हणून रांगेत उभे केले गेले. ज्याला काल शत्रू म्हणून भ्यालो, त्याला आज प्राणिशास्त्राच्या शेजारी बसवावयाचे. म्हणजे त्याला राजा होता, सेना होती, देवी होती आणि देवीला घालण्याजोगे काव्य होते, हे उद्या कोणाच्या स्मरणात राहू नये. चांद्याच्या बाबुराव शेडमाक्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी देणाऱ्यांचेही धोरण याहून निराळे नव्हते.

काचेच्या पेटीचे राजकारण ते हेच. इतिहास असलेला समाज इतिहासाच्या दालनातून उचलून निसर्गाच्या दालनात नेऊन ठेवला की, त्याच्यावर राज्य करण्याला नैतिक आधार लागत नाही.

घुर्ये विरुद्ध ‘राष्ट्रीय उद्यान’

स्वातंत्र्यापूर्वीच्या दशकात या प्रश्नावर एक मोठा वाद झाला. आपल्या तरुण कार्यकर्त्यांना तो माहीत असावयास हवा. व्हेरिअर एल्विन हे इंग्रज गृहस्थ १९२७ साली धर्मसेवक म्हणून भारतात आले, पुढे चर्चपासून दूर झाले आणि मंडला-बस्तरच्या वनवासींत राहिले. १९३९ साली बैगा समाजावरील आपल्या ग्रंथात त्यांनी या समाजासाठी एक प्रकारचे ‘राष्ट्रीय उद्यान’ असावे, अशी कल्पना मांडली. बाहेरच्यांना तेथे मुक्त प्रवेश नसावा आणि बैगांना त्यांच्या पद्धतीने जगू द्यावे, अशी ती कल्पना. सावकार, ठेकेदार आणि जंगल खात्याचा शिपाई यांनी बैगांचे जे हाल केले होते, ते पाहता एल्विन यांचा कळवळा खोटा होता, असे म्हणता येणार नाही. पण ज्या शब्दाने आपण वाघांचे अभयारण्य ओळखतो, तोच शब्द माणसांना लावावासा वाटणे, यातच सारे आले. पुढे एल्विन यांनी स्वतः ही कल्पना मागे टाकली, १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्येच्या सीमाप्रांतात शासनाचे सल्लागार म्हणून त्यांनी काम केले, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

त्यांना उत्तर दिले एका मराठी माणसाने. मालवणात जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घालणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. १९४३ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी इंग्रजांच्या ‘आदिवासी’ या अर्थाच्या शब्दाला ‘तथाकथित’ हे विशेषण लावले होते. जनगणनेच्या अहवालांतून, इंग्रज अधिकाऱ्यांच्याच नोंदींतून त्यांनी दाखवून दिले की, या जनजातींचे देवदेवता, सण, विधी आणि शेजारच्या ग्रामीण हिंदूंचे देवदेवता, सण, विधी यांच्यात सीमारेषा ओढणे जनगणना अधिकाऱ्यांनाही जमले नव्हते. दर दहा वर्षांनी रकान्याचे नाव बदलत गेले, याचे कारण रकानाच खोटा होता. हा समाज वेगळा नाही. हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहे आणि तो मागे राहिला याचे उत्तरदायित्व आपल्यावर आहे, हा घुर्ये यांचा निष्कर्ष.

आमच्या विद्यापीठांतील तथाकथित पुरोगामी मंडळी घुर्ये यांचे नाव घेताना आज नाक मुरडतात. त्यांच्या पुराव्यांचे खंडन करण्याऐवजी त्यांच्यावर शिक्का मारणे सोपे असते. परंतु ज्या बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचे काम उभे केले, त्यांनी घुर्ये यांच्या निष्कर्षाचा उत्तरार्ध, म्हणजे उत्तरदायित्वाचा भाग, प्रत्यक्षात आणला. वाद जिंकण्याहून ते काम कठीण होते.

देवक, वाघबारस आणि चंद्र-सूर्य

आता पुन्हा त्या तीन दालनांकडे वळू. ही दालने एकमेकांपासून तोडली नसती, तर त्या मुलाला काय दिसले असते?

वाघ पहिल्या दालनात आणि वाघदेव दुसऱ्या दालनात. परंतु सह्याद्रीतील महादेव कोळी, ठाकर, वारली यांच्या पाड्यांवर ते एकत्रच आहेत. आश्विन वद्य द्वादशीला तेथे वाघबारस होते; गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवितात आणि गुरांचे रक्षण कर, असे मागणे घालतात. हीच तिथी आपल्या पुण्या-मुंबईच्या घरांत कोणत्या नावाने येते? वसुबारस! त्याच दिवशी आपण सवत्स धेनूचे पूजन करतो आणि दिवाळीचा पहिला दिवा लावतो. एकाच संध्याकाळी गावात गाईची पूजा आणि शिवेवर गाईला अभय देणाऱ्या वाघाची पूजा. ही एकाच सणाची दोन अंगे आहेत. आपल्या घरातली पूजा ‘संस्कृती’ आणि त्यांची पूजा ‘भयमूलक प्राणिपूजन’, हा न्याय कोणत्या शास्त्राचा?

दुसरे उदाहरण घ्या. गोंडांच्या कुळांना कासव, नाग अशी कुलचिन्हे असतात. त्या प्राण्याला ते कूळ मारीत नाही. पाश्चात्य अभ्यासकांनी याला एक भारदस्त नाव दिले आणि आदिम मनाचे लक्षण म्हणून नोंदविले. मराठा-कुणबी घरांत लग्नाच्या आधी देवक बसते, ते काय असते? कोणाचे देवक कदंब, कोणाचे उंबर, कोणाचे मोराचे पीस. आणि त्या झाडावर कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा दंडक. सातारच्या वाड्यातले देवक आणि गडचिरोलीच्या टोल्यावरचे कुलचिन्ह यांत तत्त्वाचा काय भेद आहे? भेद आहे तो पाटी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत.

तिसरे. मेळघाटातील कोरकू समाज दिवंगतांच्या स्मरणार्थ सागवानी फळ्या कोरतो. त्यांवर घोडेस्वार असतो. चंद्र आणि सूर्य असतात. तिसऱ्या दालनातील वीरगळावर काय असते? खाली झुंज, वर स्वर्गारोहण आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दगडात कोरले की ‘इतिहास’ आणि लाकडात कोरले की ‘आदिवासी जीवन’! चांद्याच्या महाकालीच्या आणि अचलेश्वराच्या देवळांशी गोंडांच्या राणी हिराईचे नाव जोडलेले आहे; ती देवळे कोणत्या दालनात ठेवणार?

चौथे. वारली चित्रांनी आता विमानतळांच्या भिंती आणि दिवाणखान्यांच्या चादरी सजतात. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली ‘पद्मश्री’ मिळाली, ही अभिमानाची गोष्ट. पण या कलेचे मूळ कोठे आहे? लग्नघरात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. चौकाच्या मध्ये पालघट देवी बसते. धवलेरी गाणी म्हणते आणि मगच लग्न लागते. आपल्याकडे लग्नाआधी देवक बसविल्याशिवाय पुढचा विधी होत नाही, त्याचीच ही सख्खी बहीण. चित्राला चौकटीत बसविले, देवीला मात्र चौकटीबाहेर ठेवले. कला तेवढी हवी, श्रद्धा नको!

यावर एक आक्षेप येईल, तो टाळून चालणार नाही. काही जनजाती बांधवच म्हणतात, आमचा धर्म वेगळा आहे, आम्हांला हिंदू म्हणू नका. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘सरना’ धर्मासाठी जनगणनेत स्वतंत्र रकाना असावा, असा ठराव केला. या भावनेला केवळ षड्यंत्र म्हणून झटकून टाकणे हे सोपे उत्तर झाले. तीमागे अवहेलनेचा अनुभवही आहे. ज्या हिंदूंनी पंगतीत बसविले नाही, सावकारी करून जमीन घेतली, त्यांच्याशी नाते सांगावयाचे कशाला, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर घोषणेने देता येत नाही. वर्तनाने द्यावे लागते. परंतु हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, हिंदू म्हणजे एक पोथी, एक प्रेषित आणि एक विधी असे मानले, तर या देशात कोणीच हिंदू उरणार नाही. पंढरीचा वारकरीही नाही आणि कोकणातला गावरहाटी पाळणारा मानकरीही नाही. झाडात, वाघात, डोंगरात देव पाहणे हे हिंदुत्वाबाहेरचे लक्षण नव्हे. ते त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत निर्मळ लक्षण आहे. देवराईत कोयता न चालविणारा वनवासी आपल्याहून कमी हिंदू नाही. झालाच तर अधिक आहे. हा वाद घरातला आहे. तो आपण त्याच्या अंगणात बसून घालू. त्याच्या वतीने एखाद्या परकीय नोंदवहीने निकाल द्यावा, याला मात्र आमचा विरोध आहे. कारण ‘तुझा देव भीतीतून जन्मला’ असे ज्याला पटवून दिले, त्याच्या हाती दुसरा देव ठेवणे फार सोपे जाते. पाटी लिहिणारा आणि धर्म बदलणारा यांची भेट झालेली नसेलही. पण एकाचे काम दुसऱ्याला उपयोगी पडते.

पिंगुळीचा गोठा

मग योग्य संग्रहालय असते तरी कसे? त्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. घुर्ये यांचे मालवण याच जिल्ह्यातले. पिंगुळीत ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, पांगुळ, राधानृत्य अशा कला या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडीच्या राजघराण्याने त्यांना आश्रय दिला. चित्रकथी म्हणजे काय? हाताने रंगविलेल्या चित्रांची पोथी समोर ठेवावयाची आणि एकेक चित्र पुढे करीत, गात, कथा सांगावयाची. कथा कोणत्या? रामायणाच्या आणि महाभारताच्या! सरकारदरबारी ज्यांची नोंद अनुसूचित जमातीत आहे, तो समाज गावोगाव जाऊन रामकथा सांगत होता आणि गावकरी ती ऐकत होते. रामायण हे ‘वरच्यांनी’ खालच्यांवर लादले, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या विद्वानांनी एकदा पिंगुळीला जाऊन यावे. तेथे सांगणारा ठाकर आहे आणि ऐकणारा सारा गाव.

दूरदर्शन आले, खेळ थांबले, पोथ्या जीर्ण झाल्या, संग्राहक त्या विकत घेऊ लागले. तेव्हा परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले. नाव दिले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. गोठ्यात! घरच्या पोथ्या, घरच्या बाहुल्या, घरची वाद्ये. काचेपेक्षा महत्त्वाचे म्हणजे ती वाद्ये तेथे वाजतात, बाहुल्या नाचतात, पोथी उलगडते आणि पुढच्या पिढीतील मुले ती उलगडतात. २०२१ साली गंगावणे यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. तेथे पाटीवर कोणता शब्द असावा, हा प्रश्नच उद्भवत नाही. कारण ज्याची वस्तू, तोच तिच्याविषयी बोलतो. आपल्या वस्तूंना दालन कोणते द्यावयाचे, हे त्या अंगणात विचारावे लागत नाही. निसर्ग, कला, धर्म आणि इतिहास ही चारही दालने तेथे एकाच सारवलेल्या भूमीवर आहेत.

आणि ज्यांची नक्कल करून आम्ही आमची दालने पाडली, ते पाश्चात्य आज काय करीत आहेत? अमेरिकेने १९९० सालीच मूळ रहिवाशांचे अस्थिअवशेष आणि पूजावस्तू त्यांच्या समाजांना परत करण्याविषयी कायदा केला. त्याचे नवे नियम लागू झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने तेथील मूळ रहिवाशांविषयीची दोन मोठी दालने बंद केली. त्या समाजांच्या संमतीशिवाय वस्तू मांडणे योग्य नाही, हे त्यांना मान्य करावे लागले. गुरूने पाटी पुसली. शिष्य मात्र अजून तीच गिरवीत बसला आहे!

करावयाचे काय?

काहीच घडलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ ऑगस्ट २०१६ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जनजाती स्वातंत्र्यवीरांच्या संग्रहालयांची घोषणा केली. रांचीचे बिरसा मुंडा संग्रहालय १५ नोव्हेंबर २०२१ रोजी खुले झाले आणि त्याच वर्षापासून तो दिवस ‘जनजातीय गौरव दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी राजा शंकरशाह आणि रघुनाथशाह यांच्या नावाचे संग्रहालय उघडले गेले, तेही जबलपुरात. ज्या नगरात ‘नमुने’ उभे केले होते, तेथे राजा पुन्हा राजा म्हणून उभा राहिला. इतिहासाने घेतलेला हा सूड अत्यंत सात्त्विक आहे.

परंतु राजधानीत आणि मोठ्या नगरांत भव्य वास्तू उभ्या राहिल्या म्हणजे तालुक्याच्या गावची पाटी बदलते, असे नाही. आश्रमशाळेची सहल रांचीला जात नाही, ती एस.टी.ने जाते तेथवरच जाते. म्हणून लहान संग्रहालयांचा आग्रह धरला पाहिजे. जनजातींच्या वस्तूंवरील पाट्या प्रथम पुसाव्यात आणि त्या समाजातील जाणत्यांना, भगतांना, धवलेऱ्यांना विचारून पुन्हा लिहाव्यात. मराठीत आणि त्यांच्या बोलीतही. वाघाशेजारी वाघदेव आणि वीरगळाशेजारी कोरकूंची फळी मांडावी. म्हणजे भाषण न करताही सत्य दिसेल. जी वस्तू अजून पूजेत आहे, ती मांडण्यापूर्वी संमती घ्यावी. आणि या संग्रहालयांत अभिरक्षक म्हणून जनजातीतील पदवीधर तरुण नेमावेत; पहारेकरी म्हणून नव्हे.

आपल्या माणसांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. उद्या पाट्या लिहिण्याचे काम आपल्या हाती आले, तर आपणही त्या पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून लिहू नयेत. ‘भयमूलक प्राणिपूजन’ पुसून तेथे आपला एखादा संस्कृत श्लोक चिकटविला आणि त्या आजीला विचारलेच नाही, तर टेंपलसाहेबाची खुर्ची तशीच राहील. फक्त बसणारा बदलेल. एकात्मता म्हणजे आपल्या शब्दांत त्यांना बसविणे नव्हे. आपले नाते त्यांच्या शब्दांत ऐकून घेणे, ही तिची पहिली पायरी आहे.

वाचकांपैकी बहुतेकांच्या जिल्ह्यात असे एखादे संग्रहालय आहे. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन तेथे जावे. तिकीट किरकोळ असते, गर्दी नसते. पाट्या वाचाव्यात. जेथे आपल्याच समाजबांधवाची अवहेलना करणारा शब्द दिसेल, तेथे अभिप्राय वहीत नाव-पत्त्यासह ते लिहावे आणि एक पत्र संबंधित खात्याला पाठवावे. शाखांनी, महिला मंडळांनी, शाळांच्या शिक्षकांनी हे काम वर्षभरासाठी अंगावर घेतले, तर एकही मोर्चा न काढता शेकडो पाट्या बदलतील. मुलांना बिबट्या जरूर दाखवावा. मात्र पुढच्या दालनात गेल्यावर त्यांना एवढे सांगावे की, ही माणसे प्रदर्शनातील नव्हेत. वसुबारसेला आपण ज्या गाईला ओवाळतो, तिची राखण शिवेवर उभे राहून करणारे हे आपलेच भाऊबंद आहेत.